पुण्यात नोकरी, लोणावळ्यात घर: बिऱ्हाड हलवण्याआधी काय काय बघावं

लोणावळ्यातल्या एका सोसायटीत एक कुटुंब पिंपरीहून राहायला आलं होतं. मे महिन्यात आलं आणि ऑगस्ट संपायच्या आत परत गेलं. नवऱ्याची काही तक्रार नव्हती. त्याला इथून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळायची, ऑफिसात लोक हेव्याने विचारायचे, रविवारी धुक्यात चहा व्हायचा. बायको मात्र दोन लहान मुलं घेऊन घरात अडकली होती. कपडे वाळत नव्हते, लाईट टिकत नव्हती, आणि मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही फ्लॅटना सोमवार ते शुक्रवार कुलूप. शेवटी तिने निर्णय घेतला, आणि तो बरोबरच होता.

डोंगरातल्या गावात राहायला जायचा बेत बहुतेक वेळा रोज प्रवास करणारा माणूस आखतो. तो गाडीचं वेळापत्रक बघतो, अंतर मोजतो, खर्च मांडतो. पण तो गावात फक्त झोपायला असणार असतो. दिवसभर तिथे कोण असणार, त्याचा दिवस आधी मांडा. मग प्रवास. पुढे जे लिहिलंय ते या क्रमाने आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर काम शिवाजीनगरला, घर लोणावळ्यात, सहावं वर्ष चालू आहे. बायको आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते. दोन शाळकरी मुलं आणि सत्तरी ओलांडलेली आई. पहिलं घर चुकलं, दुसरं जमलं. लिहिलेलं लोणावळ्याबद्दल आहे, कारण तेच मला ठाऊक आहे.

आधी दोन दिवस कागदावर लिहा

एका कागदावर साधा दिवस लिहा, दुसऱ्यावर वाईट दिवस. दोन्हीकडे घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा रकाना करा.

साध्या दिवसात माझ्या रकान्यात असं होतं: घर ते स्टेशन स्कूटरने सात मिनिटं, गाडी लावून फलाटावर पोचायला दहा, लोकलमध्ये सव्वा तास, पुढे चालत पंधरा. म्हणजे दाराबाहेर पडल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास. येताना तेवढेच. साडेतीन तास रोज. हा आकडा बघून पोटात गोळा येत नसेल तरच पुढे वाचा. ‘गाडीत बसल्या बसल्या काम होईल’ हे पहिले पंधरा दिवस खरं असतं. नंतर झोप लागते.

वाईट दिवस असा धरा: जुलैचा मध्य, हवामान खात्याचा घाटमाथ्याला रेड अलर्ट, जिल्हाधिकाऱ्यांनी आदल्या रात्री उशिरा शाळांना सुट्टी जाहीर केलेली, तुम्ही पुण्यात, लोकल उशिरा, घरी मुलगा तापलेला, आणि लाईट पहाटेपासून नाही. आता प्रत्येक रकाना भरा. मुलांजवळ कोण आहे? डॉक्टरकडे कोण नेणार, कशातून? आईच्या औषधांची पट्टी संपली असेल तर? एकाही रकान्यात ‘बघू तेव्हा’ असं लिहावं लागलं तर तो प्रश्न आताच सोडवायचा आहे.

दोघंही रोज पुण्याला जाणार आणि घरी मोठं कुणी नाही, अशी स्थिती असेल तर मी स्पष्ट सांगतो, मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबा. किंवा दोघांपैकी एकाची नोकरी लोणावळा-कामशेत-तळेगाव पट्ट्यात येईल का ते बघा.

गाडीचं गणित

पुणे-लोणावळा ६४ किलोमीटर. या मार्गाचा मोठा गुण असा की यात घाट नाही. घाट आहे तो लोणावळ्याच्या पलीकडे, कर्जतच्या बाजूला. रेल्वे बांधणाऱ्यांनाही हे आपोआप कळलंच होतं: खंडाळा-पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, आणि बोरघाट फोडून ती खाली कोकणाशी जोडायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं प्रवासी घाट पालखीतून नाहीतर तट्टावरून उतरत. आजही जड भाग तोच आहे. दरडी कोसळतात त्या घाटात. २०१९च्या पावसाळ्यात घाटातल्या मंकी हिलच्या परिसरात रुळांची इतकी हानी झाली की मुंबई-पुण्याच्या कित्येक गाड्या बराच काळ रद्द होत्या. तेव्हाही आमची लोकल चालू होती.

म्हणून नोकरी पुणे किंवा पिंपरी-चिंचवडला असेल तर लोणावळा जमण्यासारखं आहे. मुंबईला असेल तर लोणावळ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १२८ किलोमीटर, आणि वाटेत तो घाट. डेक्कन क्वीन, प्रगती, सिंहगड यांतून रोज जाणारे जिद्दी लोक आहेत, पास काढून वर्षानुवर्षं जातात. त्यांना माझा नमस्कार. पण मुलं लहान असलेल्या कुटुंबाने हा खेळ आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल तर खेळावा.

लोकलबद्दल चार गोष्टी बाहेरच्याला कळत नाहीत.

एक, पुण्याहून सुटणारी प्रत्येक लोकल लोणावळ्यापर्यंत येत नाही. काही तळेगावलाच थांबतात. पाटी वाचल्याशिवाय चढू नका. मी चढलोय.

दोन, सकाळची गर्दी सरली की दुपारी गाड्या विरळ होतात, कारण रुळांची देखभाल त्या वेळात होते. ‘बरं वाटत नाही, अर्ध्या दिवसाने घरी जातो’ हे पुण्यात सोपं वाटतं. इथे बारा वाजता ऑफिसातून निघालात तर स्टेशनवर किती वेळ बसावं लागेल, ते आधी वेळापत्रकात बघून ठेवा. शाळेतून दुपारी फोन आला तरी तुम्ही लगेच पोचू शकत नाही, हे धरूनच चाला.

तीन, पुण्याहून निघणारी रात्रीची शेवटची लोणावळा लोकल आणि तिच्या आधीची, या दोन वेळा पाठ हव्यात. पण नियोजन शेवटच्या गाडीवर करायचं नाही, तिच्या आधीच्या गाडीवर करायचं. ऑफिसातल्या बैठका रात्री आठपर्यंत लांबत असतील तर वरिष्ठांशी बोलणं बिऱ्हाड हलवण्याआधी व्हावं, नंतर नाही.

चार, एक्स्प्रेस गाड्या. सकाळी मुंबईहून येणारी इंद्रायणी लोणावळ्याला थांबून नऊच्या सुमाराला पुण्याला पोचते आणि संध्याकाळी साडेसहानंतर परत निघते. ऑफिसच्या वेळेला ती फार सोयीची, लोकलपेक्षा झपाट्याने पोचवते. पण ती घाट चढून येते, त्यामुळे पावसात उशीर झाला तर तिलाच होतो. मी तिच्यावर विसंबत नाही, मिळाली तर घेतो. एक्स्प्रेसमध्ये पास कोणत्या डब्यात चालतो, तेही खिडकीवर विचारून घ्या.

उतरल्यावर पुढे काय, हे ज्याच्या-त्याच्या ऑफिसावर. शिवाजीनगर, दापोडी आणि कासारवाडी इथे मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २०२४च्या सप्टेंबरपासून पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रो सलग धावते, आणि सिव्हिल कोर्टला वनाज-रामवाडीची मेट्रो बदलून मिळते. यामुळे कोथरूड किंवा कल्याणीनगरची नोकरीसुद्धा आता विचारात घेता येते. हिंजवडी मात्र अवघड. चिंचवड किंवा आकुर्डीला उतरून बस नाहीतर रिक्षा, आणि तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. हिंजवडीवाले बहुतेक चारचाकी काढून द्रुतगती मार्गाने जातात. दुचाकीला तो मार्ग बंद आहे, हे विसरू नका. चारचाकीने जाणार असाल तर रोजचा टोल आणि डिझेल महिन्याच्या हिशेबात आधी धरा. जुन्या रस्त्यानेही टोलनाके आहेत. स्थानिकांना सवलत काय, ते नाक्यावरच विचारून घ्यावं. लोकलचा महिन्याचा पास याच्यापुढे अगदीच किरकोळ रकमेचा.

ठरवण्याआधी सलग पाच दिवस हा प्रवास करून बघा. लॉजमध्ये नाहीतर एखाद्या ओळखीच्याकडे राहा आणि सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जा. तो आठवडा जुलैतला असेल तर उत्तम.

जुलैत या, तेही मधल्या वारी

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, सह्याद्रीच्या अगदी धारेवर. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथे चार हजारांच्या वर जातो, आणि एका दिवसात दोनशे मिलिमीटर ही नवलाची बातमी नसते. म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसाचा चौथा हिस्सा इथे एका दिवसात पडू शकतो. आकडा वाचून हे कळत नाही. चार दिवस पाऊस न थांबता पत्र्यावर वाजत राहिला आणि पाचव्या दिवशी बायको काही न बोलता खिडकी लावून आत गेली, की कळतं.

एप्रिल-मे महिन्यात घर बघायला येणारे फसतात. मी फसलो. मार्चमध्ये तुंगार्लीच्या बाजूला एक छोटा बंगला भाड्याने घेतला. पुढे बाग, मागे डोंगर, दुपारी गार वारा. जुलैत पश्चिमेची भिंत आतून ओली झाली. आधी एक डाग, मग नकाशा, मग काळी बुरशी. त्याच भिंतीला मुलांच्या कपड्यांचं कपाट होतं. धाकट्याचा खोकला सप्टेंबरपर्यंत गेला नाही. मालक म्हणाले, ‘इथे असंच असतं.’ अर्धं खरं होतं ते.

भर पावसाळ्यात येताना शनिवार-रविवार टाळा. ते गाव वेगळं असतं. बुधवारी या. संध्याकाळी सात वाजता तुम्हाला आवडलेल्या सोसायटीसमोर उभे राहा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. चोवीस फ्लॅटांच्या इमारतीत पाच खिडक्या उजळल्या असतील तर ती इमारत सुट्टीच्या पाहुण्यांची आहे. आठवडाभर स्मशानशांतता आणि शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत गाणी. दिवसभर घरी राहणाऱ्या माणसाला शेजार लागतो, आणि इथे शेजार विकत मिळत नाही. गॅलरीत वाळत घातलेले रोजचे कपडे, दाराशी शाळेचे बूट, जिन्यात लहान मुलांच्या सायकली दिसल्या तर ती जागा यादीत वर घ्या.

मग एकदा शनिवारीही या. भुशी धरणाकडचा रस्ता, जुना महामार्ग, बाजार, सगळं गाड्यांनी भरलेलं असतं. त्या दोन दिवसांत इथली माणसं भाजी आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. आमचा आठवड्याचा बाजार गुरुवारी होतो.

कोणता भाग

स्टेशनपासून पायी किती, हा पहिला निकष. इथल्या रिक्षा मीटरवर नाही, ठरवून जातात, आणि पावसात त्या पाहुण्यांमागे असतात. रात्री साडेनऊला उतरून वीस मिनिटं चालत घरी पोचता येत असेल तर तुम्ही कुणावर अवलंबून नाही. गवळीवाडा, भांगरवाडी आणि बाजाराच्या आसपासचा भाग या हिशेबात बसतो. दिसायला तो डोंगरातलं गाव वाटत नाही. साधं तालुक्याचं ठिकाण वाटतं. शाळा, किराणा, दवाखाना, गिरणी मात्र तिथेच आहे.

तुंगार्ली आणि वळवणच्या बाजूला मोकळं आहे, झाडी आहे, पण दुसरी दुचाकी लागेल. एक स्टेशनवर उभी राहणार आणि घरच्या माणसाने काय करायचं? खंडाळा सुंदर आहे. राहायला मी सुचवणार नाही. कुसगाव, वाकसई, कार्ला इकडे जागा स्वस्त पडते, तिथे ग्रामपंचायत असते, नगर परिषद नाही. पाणी कुठून येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे दोन घरांत जाऊन विचारा. इतक्या पावसाच्या गावात पाण्याची चणचण कशी, असं वाटेल. इथली मोठी तळी गेल्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी खोपोलीला वीज करण्यासाठी बांधली. ते पाणी मुख्यतः तिकडे खाली उतरतं.

इंद्रायणी नदी इथेच कुरवंड्याजवळ उगम पावते आणि गावातून वाहत जाते. उन्हाळ्यात ओढा वाटते. पण जोराच्या पावसात काठच्या सखल भागात पाणी शिरतं, आणि लोणावळा धरण भरून वाहायच्या बेताला आलं की काठच्या लोकांना सावध राहण्याची सूचना येते. कार्ला-मळवलीकडे सखल जागी बांधलेल्या बंगल्यांभोवतीही पाणी साचतं. घर बघताना आजूबाजूच्या कुंपणांच्या भिंतीवर मातीची आडवी रेघ दिसते का बघा. ती रेघ दलालापेक्षा खरं बोलते.

आणि एक पर्याय लोक विचारातच घेत नाहीत. घाटमाथ्यापासून पूर्वेला प्रत्येक स्टेशनागणिक पाऊस उतरत जातो. कामशेतला लोणावळ्यापेक्षा बराच कमी, तळेगावला त्याहून कमी. डोंगर कामशेतहूनही दिसतात, पवना धरण जवळ, पाहुण्यांची झुंबड नाही, आणि प्रवासातला साधारण पाव भाग वाचतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर लोणावळ्याचा हट्ट सोडून कामशेत किंवा तळेगाव बघा, असं मी दर वेळी सांगतो. ऐकणारे कमी.

घर भाड्याने घ्या, आणि असं तपासा

विकत काहीही घेऊ नका. एक पूर्ण पावसाळा भाड्याच्या घरात काढा. जुनं घर विकून आलात आणि पहिल्या जुलैत पटलं नाही तर परतीचा रस्ता राहत नाही.

घर बघताना सोबत टॉर्च न्या आणि नाकाने सुरुवात करा. बंद कपाट उघडून वास घ्या. कोंदट वास असेल आणि भिंतीला नुकताच रंग दिलेला असेल तर तो रंग कशासाठी दिला हे समजून जा. पाऊस इथे नैऋत्येकडून वाऱ्यासोबत आडवा येतो. त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात महत्त्वाची. त्या भिंतीवर बाहेरून पत्रे ठोकलेले दिसले तर घराला कुरूप म्हणू नका. मालकाला पाऊस कळतो, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाजूच्या खिडक्यांवर छज्जा किती बाहेर आला आहे, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलाय का, काचेच्या सरकत्या खिडकीच्या खोबणीत पाणी निघून जायला भोकं आहेत का, हे पाहा. ती भोकं नसतील तर खोबण भरते आणि पाणी आत उतरतं.

सगळ्यात वरचा मजला घेताना गच्चीवर चढा. गच्चीवर पत्र्याचं छप्पर असलं तर चांगलं. उघडी गच्ची असेल तर छताच्या आतल्या कोपऱ्यांत पिवळे डाग शोधा. तळमजला असेल तर मागच्या बाजूला डोंगर किती जवळ आहे आणि वरून येणारं पाणी गटारात जातं की तुमच्या पायरीशी येतं, हे पाऊस चालू असतानाच कळतं. मागच्या उतारावर कुणी नवीन खोदकाम केलं असेल, माती उघडी असेल, तर ते घर सोडून द्या. भाव कितीही चांगला असो.

मग ही विचारपूस करा, आणि मालकाकडे नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे: लाईट जाते तेव्हा किती तास जाते, इंटरनेट कुणाचं घेतलंय आणि जुलैत ते चाललं का, मोबाईलची रेंज घरात कुठल्या खोलीत मिळते, माकडं स्वयंपाकघरात येतात का. बायको घरून काम करते म्हणून आम्ही इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी ठेवलीय. खर्च वाढला, पण तिची नोकरी टिकली.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि हल्ली घरबसल्या नोंदवता येतो. शाळेला, गॅसला, आधारवरच्या पत्त्याला तोच लागतो. अकरा महिन्यांचा करार मे-जूनमध्ये केला तर पुढच्या एप्रिल-मेमध्ये संपतो, म्हणजे सुट्टीच्या हंगामाच्या तोंडावर. तेव्हा मालकाला घर रोजच्या भाड्याने पाहुण्यांना द्यायचा मोह होतो. शक्य असेल तर जास्त मुदतीचा करार करा. बंगला असेल तर मालक किंवा त्याचे नातेवाईक शनिवार-रविवार येऊन राहणार नाहीत, हे शब्दांत लिहून घ्या. हसू नका, आमच्याकडे पहिल्याच दिवाळीत पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे होते. गळती झाली तर किती दिवसांत दुरुस्त करायची आणि नाही केली तर भाडं कसं, हेही लिहा.

शाळा

हे घराच्या आधी ठरलं तर बरं. लोणावळ्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या जुन्या, नावाजलेल्या शाळा आहेत. पण गाव लहान, वर्ग मर्यादित, आणि वरच्या इयत्तेत मधूनच जागा मिळणं नशिबाचं. राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्याला उघडते, केंद्रीय मंडळाची एप्रिलमध्ये. म्हणून चौकशी जानेवारीतच करा. शाळा सोडल्याचा दाखला जुन्या शाळेतून वेळेत घ्या आणि नवीन शाळेचं प्रवेशाचं पत्र हातात आल्याशिवाय जुना प्रवेश रद्द करू नका. एका शाळेने आम्हाला तोंडी होकार देऊन जूनमध्ये यादी भरली असं सांगितलं होतं.

मुलगा आठवी-नववीत असेल तर दहावी होऊ द्या. क्लास, मित्र, खेळाचं मैदान सगळं तिकडे असताना त्याला डोंगरावर आणून तो आनंदी होईल ही आपली कल्पना. उलट दुसरी-तिसरीतलं मूल तीन आठवड्यांत इथलं होतं. माझी मुलगी पहिल्या पावसाळ्यातच खेकडे कुठे मिळतात ते सांगायला लागली.

शाळेला विचारायचा प्रश्न एकच: पावसामुळे मधूनच शाळा सोडलीत तर पालकांना कसं कळवता, आणि न्यायला कुणी आलं नाही तर मूल कुठे थांबतं? उत्तर चटकन आणि नेमकं आलं तर शाळा चांगली.

दवाखाना

रोजचा ताप-खोकला, दात, बाळंतपणाआधीच्या तपासण्या हे गावात होतं. मोठ्या उपचाराला तळेगाव किंवा पिंपरी-चिंचवड. म्हणजे रात्री पाऊण ते एक तास धरा. शनिवारी संध्याकाळी त्याहून जास्त. घरात हृदयाचा रुग्ण किंवा डायलिसिसवरचं माणूस असेल तर हा एक तास त्याच्या डॉक्टरांना सांगून त्यांचं मत घ्या, स्वतः ठरवू नका.

आईसाठी आम्ही तीन गोष्टी केल्या. औषधं नेहमी महिनाभराची पुढची घरात. गावातल्या एका डॉक्टरांकडे तब्येत चांगली असतानाच नेऊन तिची सगळी कागदपत्रं दाखवली. आणि रात्री-अपरात्री येईल असा एक रिक्षावाला ठरवला. त्याला दिवाळीला मिठाईचा पुडा जातो, तो का जातो हे त्यालाही माहीत आहे. १०८ची रुग्णवाहिका आहेच, पण दाट धुक्यात तिलाही घर सापडायला हवं. गेटवर मोठ्या अक्षरांत घराचं नाव लिहून ठेवा.

सामान कधी आणि काय

मेचा पहिला पंधरवडा चांगला. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे निघून. सुट्टीच्या हंगामात शनिवारी टेम्पो आणलात तर दिवस रस्त्यातच जाईल. जूनमध्ये हलवू नका. एक ओली गादी वर्षभर पुरते.

प्लायवूडची स्वस्त कपाटं आणू नका, फुगतात आणि दारं लागत नाहीत. लोखंडी कपाट बरं. चामड्याचे बूट, पट्टे, पुस्तकं, फोटोंचे अल्बम यांना बुरशी लागते. महत्त्वाची कागदपत्रं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. मीठ, साखर, पोहे, बिस्किटं, सगळ्याला घट्ट झाकणाचे डबे हवेत. कपाटांना भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, वारा खेळू द्या.

कपडे वाळवण्याचं यंत्र की हवेतली ओल शोषणारं यंत्र? दोन्ही परवडत नसतील तर ओल शोषणारं घ्या. एका खोलीत दोऱ्या बांधायच्या, दार लावायचं, यंत्र चालू करायचं. कपडेही वाळतात आणि भिंतीही सुधारतात. रोज संध्याकाळी त्याच्या टाकीतून काढलेलं पाणी बघून तुम्हाला धक्का बसेल.

गॅस, शिधापत्रिका, आधार, मतदार यादी यांचे पत्ते पहिल्या महिन्यातच बदला. पावसाळा लागला की कुठल्याच खिडकीवर जाणं होत नाही.

पहिला पावसाळा

मेअखेर बेगमी करा: दीड-दोन महिन्यांचं धान्य, डाळी, मसाला, मेणबत्त्या, ताडपत्री, दोन जास्तीच्या छत्र्या. इथे छत्रीचं आयुष्य एक मोसम, कधी एक वारा. शाळकरी मुलांना रेनकोटच, आणि बुटांचे दोन जोड.

ऑफिसात एक जोड कोरडे कपडे आणि मोजे ठेवा. भर पावसात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची सवलत मिळत असेल तर तिचे दिवस आधी ठरवू नका. अलर्ट बघून आदल्या रात्री ठरवू देतील का, हे विचारा. मला तशी मुभा मिळाली आणि निम्मा ताण गेला.

घरच्या माणसाला आठवड्यातून एक दिवस खाली पुण्याला जाता आलं पाहिजे. ही चैन नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दिसलेला नसतो, माणूस उगाच चिडतो, मुलं भांडतात. माझी बायको गुरुवारी माझ्यासोबत लोकलने जाते, डेक्कनवर मैत्रिणींना भेटते, संध्याकाळी दोघं परत येतो. तळेगाव ओलांडलं की कधी कधी लख्ख ऊन असतं. त्या दिवशी आई आणि मुलांकडे शेजारच्या काकू बघतात, आणि काकूंच्या नातवाला शनिवारी आम्ही. हे जमलं ते बुधवारी खिडक्या मोजून घेतलेल्या दुसऱ्या घरामुळे.

विकत घ्यायचं की नाही, हे दसऱ्यानंतर

पाऊस गेला, हिरवं पिवळं पडायला लागलं, की बसून बोला. मुलांनाही विचारा, आणि रोज प्रवास करणाऱ्याने सगळ्यात शेवटी बोलावं. राहायचं ठरलं तर मगच जागा शोधा. फ्लॅट असेल तर महारेराची नोंद, भोगवटा प्रमाणपत्र आणि गेल्या दोन पावसाळ्यांत गच्ची गळली का, ही तिन्ही चौकशी. बंगल्याची जागा असेल तर सातबारा, बिगरशेतीचा आदेश आणि किमान तीस वर्षांचा मालकी हक्काचा शोध स्वतःच्या वकिलाकडून. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला थेट घेता येत नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाचा चहासुद्धा पिऊ नका. डोंगरउतारावरच्या आणि नौदलाच्या आयएनएस शिवाजी तळाच्या शेजारच्या जागेवर बांधकामाला परवानगी मिळेल का, हे इसार देण्याआधी लेखी विचारा.

आम्ही पहिल्या दसऱ्यानंतर विकत घेतलं नाही. तुंगार्लीचा बंगला सोडला आणि भांगरवाडीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. मागे डोंगर दिसत नाही, समोर गिरणी आहे. पश्चिमेच्या भिंतीला पत्रे ठोकलेले आहेत.